दिल्लीचा पैसा आणि आपल्या लेकरांची शाळा
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या प्रबोधन कार्यक्रमातील भाषण)

 

समितीने मला 'शिक्षण आणि समाज' हा विषय दिला. विषय फार मोठा आहे आणि मी काही प्राध्यापक नाही. गिरणीत काम करणारा माणूस आहे. जे काही शिकलो ते पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून शिकलो. म्हणून या मोठ्या विषयाचा एक लहानसा तुकडा मी आज हातात घेतो. आपली बहुतेक लेकरं जिल्हा परिषदेच्या नाहीतर नगरपालिकेच्या शाळेत जातात. त्या शाळेत आपल्या लेकरांच्या नावावर दिल्लीहून पैसा येतो. तो कोणता, किती, कशासाठी, आणि तो नीट लागतो की नाही हे बघायचा हक्क कोणाचा, एवढंच मी बोलणार आहे.

पहिली गोष्ट अशी की, हा पैसा म्हणजे कोणाचा उपकार नव्हे. आपल्याकडे अजून असं बोललं जातं की, "सरकार फुकट पुस्तकं देतं, फुकट खिचडी देतं, आणखी काय पाहिजे?" फुकट काहीच नसतं बंधूंनो. आपण मिठाच्या पुड्यापासून चपलेपर्यंत जे घेतो त्यात कुठे ना कुठे कर भरलेला असतो. महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात हाच मुद्दा होता. सरकारी तिजोरीत पैसा येतो शेतकऱ्याच्या आणि कष्टकऱ्याच्या घामातून, आणि शिक्षणावर तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या मुलांवर. तो आधी प्राथमिक शिक्षणावर खर्च करा, असं ते सांगत होते.

तोच धागा बाबासाहेबांनी पुढे नेला. 1927 च्या मार्च महिन्यात मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर चर्चा चालू होती. बाबासाहेब नुकतेच सभासद झाले होते. त्यांनी हिशेबच मांडला. सरकार माणशी चौदा आणे शिक्षणावर खर्च करतं आणि दारूवरच्या करातून मात्र माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करतं. जेवढं दारूतून घेता तेवढं तरी शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची मागणी होती. आणखी एक आकडा त्यांनी सांगितला. पहिलीत शंभर मुलं बसली तर त्यातली अठराच चौथीपर्यंत पोचतात. बाकीची ब्याऐंशी मुलं परत निरक्षरतेच्या अंधारात जातात.

पुढे 1942 साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या तक्रारींचं लेखी निवेदन दिलं. केंद्र सरकार आमच्या शिक्षणासाठी काय करतं, हा त्यातला एक रोखठोक सवाल होता. त्यातूनच 1944 पासून केंद्र सरकारने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू केली. आज आपली पोरं 'पोस्ट मॅट्रिक' म्हणून जो फॉर्म भरतात त्याचं मूळ तिथं आहे. म्हणजे दिल्लीच्या तिजोरीतून आपल्या लेकरांच्या शिक्षणाला पैसा मिळाला पाहिजे, ही लढाई लढून मिळवलेली गोष्ट आहे. त्या वेळी आपला परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता, शाळेत उर्दू चालायची आणि आपल्या आजोबा-पणजोबांना त्या शाळेची पायरीही चढता येत नव्हती. 1948 ला निजामी राजवट गेली आणि 1950 ला बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच मिलिंद महाविद्यालय. तेव्हा कुठे मराठवाड्याच्या खेड्यापाड्यातल्या पोरांना वाट सापडली.

आता आजचं बघू. 2001 पासून 'सर्व शिक्षा अभियान' चालू होतं, ते नाव आपल्या ओळखीचं आहे. 2018 साली ते आणि माध्यमिकच्या योजना एकत्र करून 'समग्र शिक्षा' ही एकच योजना झाली. यात महाराष्ट्रासाठी शंभरातले 60 रुपये केंद्राचे आणि 40 राज्याचे. दिल्लीचा पैसा मुंबईला महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेकडे येतो, तिथून जिल्ह्याला आणि जिल्ह्यातून शाळेला. 2021 पासून पद्धत बदलली. शाळेच्या खात्यात रक्कम पडून राहत नाही, खर्चाची मर्यादा ठरवून दिली जाते आणि तेवढ्यापुरतं बिल काढता येतं. 31 मार्चपर्यंत खर्च केला नाही तर ती मर्यादा हातची जाते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

शाळेला काय काय मिळतं? 2021 ते 2026 च्या आराखड्यात ठरलेले आकडे सांगतो. एक आहे संयुक्त शाळा अनुदान. खडू, फळा, वीजबिल, पाण्याची टाकी, किरकोळ दुरुस्ती, सगळं यातून. ते पटावर अवलंबून आहे. 30 पर्यंत मुलं असतील तर वर्षाला 10,000 रुपये, 31 ते 100 असतील तर 25,000, 101 ते 250 ला 50,000, 251 ते 1,000 ला 75,000 आणि त्याच्या वर 1 लाख. यातला निदान दहावा हिस्सा स्वच्छतेवर, म्हणजे संडास-मुतारी, पाणी, हात धुणं यावर खर्च झाला पाहिजे. माता-भगिनींनो, हा दहावा हिस्सा मुद्दाम लक्षात ठेवा. सहावी-सातवीतली पोरगी शाळा का सोडते, याचं कारण पुष्कळदा गणितात नसतं, शाळेच्या संडासाला कडी नसते किंवा पाणी नसतं यात असतं. तिच्यासाठीचा पैसा कागदावर असतो. कडी मात्र दाराला नसते.

दुसरं, गणवेश. वर्षाला मुलामागे 600 रुपये, दोन जोड्यांसाठी. केंद्राच्या योजनेत पहिली ते आठवीच्या सर्व मुली, अनुसूचित जाती-जमातीची मुलं आणि दारिद्र्यरेषेखालची मुलं येतात. बाकीच्या मुलांसाठी 2023 पासून राज्य सरकारने खर्च उचलला. 2024-25 ला सरकारने सगळ्या राज्याचं कापड एकाच ठिकाणाहून घेऊन शिवून द्यायचं ठरवलं. काय झालं ते आपण पाहिलंच आहे. पावसाळा सरला तरी कित्येक शाळांत गणवेश आले नाहीत, आले ते मापाचे नव्हते. शेवटी डिसेंबर 2024 मध्ये सरकारने तो निर्णय फिरवला आणि काम परत शाळा व्यवस्थापन समितीकडे दिलं. यातून काय शिकायचं? लेकराच्या अंगाचं माप मुंबईत बसून घेता येत नाही. ते गावातच घ्यावं लागतं.

तिसरं, बालभारतीची पुस्तकं. चौथं, दिव्यांग लेकरांसाठी वर्षाला मुलामागे 3,500 रुपयांपर्यंत तरतूद, त्यातून चष्मा, श्रवणयंत्र, तीनचाकी अशी साधनं मिळतात. शिवाय दिव्यांग मुलींना महिन्याला 200 रुपये, वर्षातले 10 महिने. आपल्या वस्तीत कितीतरी घरात असं लेकरू आहे की ज्याला नीट ऐकू येत नाही, आणि घरचे म्हणतात, "त्याचं डोकंच नाही." डोकं आहे हो, कान नाही! तपासणी शिबिराला त्याला न्या. पाचवं, शाळा लांब असेल तर जाण्यायेण्याचा भत्ता. सहावं, शाळेच्या ग्रंथालयाला आणि खेळाच्या साहित्याला वेगळी रक्कम. पुस्तकं कपाटात कुलूपबंद असतील तर ती कुलपासाठी घेतली का मुलांसाठी, हे विचारायचा अधिकार आपल्याला आहे.

आता खिचडीविषयी. कोणी हसू नका, हा गंभीर विषय आहे. ही समग्र शिक्षेपेक्षा वेगळी योजना. 15 ऑगस्ट 1995 ला केंद्राने ती सुरू केली, तेव्हा आपल्याकडे महिन्याला 3 किलो तांदूळ मिळायचा. 28 नोव्हेंबर 2001 ला सर्वोच्च न्यायालयाने हुकूम दिला की कोरडं धान्य नको, शिजवलेलं अन्न द्या. 2021 पासून तिचं नाव 'पीएम पोषण'. पहिली ते पाचवीच्या मुलाला 100 ग्रॅम धान्य, त्यातून 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवीला 150 ग्रॅम धान्य, 700 उष्मांक आणि 20 ग्रॅम प्रथिनं, असं माप ठरलेलं आहे. 2023 च्या अखेरीस राज्याने आठवड्याला एक अंडं सुरू केलं, पण जानेवारी 2025 मध्ये त्यासाठीचा वेगळा पैसा बंद केला. ज्यांच्या घरी रोज दूध-तूप आहे त्यांना एका अंड्याचं काय वाटणार? आपल्या लेकराला मात्र ते अंडं म्हणजे आठवड्याची ताकद होती.

आणि खिचडीत दुसरी एक गोष्ट शिजते. सगळ्या जातीची मुलं एका रांगेत बसून एकाच हातचं जेवतात. हा हात कोणाचा? 20 एप्रिल 2004 ला सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक आदेश दिला की, स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलितांना, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्या. किती जणांना हे माहीत आहे? चवदार तळ्याचा सत्याग्रह 1927 ला झाला, पण शाळेतल्या चुलीपाशी आपल्या बाईला उभं करायला कित्येक गावात अजून लोक कचरतात. बरं, मानधन तरी किती? केंद्राने 1,000 रुपये महिना ठरवले, तेही वर्षाला 10 महिने, आणि राज्य त्यात भर घालतं. पैसा थोडा आहे. पण ज्या गावात आपल्या बाईच्या हातची खिचडी सगळ्या गावची लेकरं खातात, त्या गावात रोज दुपारी एक लहानसा सत्याग्रह होतो, असं मी समजतो.

आता आपल्या जिल्ह्याचं मोठं दुखणं. गंगाखेड, पालम, सोनपेठ, पाथरी, जिंतूर या भागातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात. उचल घेतलेली असते. बैलगाडीत, ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी आणि त्यावर लेकरं. जूनला पटावर असलेलं लेकरू नोव्हेंबरला फडात असतं. मोठी पोरगी धाकट्याला सांभाळते, मोठं पोरगं मोळ्या बांधतं. चैत्रात परत येतात तेव्हा वर्गातली बाकीची मुलं पुस्तक संपवून बसलेली असतात. यासाठीच 'हंगामी वसतिगृह' ही सोय आहे. नाव वसतिगृहाचं असलं तरी लेकरू गावातच आजी-आजोबांकडे, नातेवाइकांकडे राहतं आणि त्याच्या सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय शाळा समितीमार्फत होते. सोबत ज्यांना न्यावंच लागतं त्यांच्यासाठी 'शिक्षण हमी पत्रक' आहे. ते दाखवून जिथं टोळी उतरेल तिथल्या जवळच्या शाळेत लेकराला बसवता येतं. आणि ज्या मुलींची शाळा सुटली त्यांच्यासाठी निवासी कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयं आहेत. ही योजना 2004 ची आहे आणि आपल्या जिल्ह्यातही ती आहे.

पण हे सगळं वेळेवर मागितलं तर मिळतं. टोळी निघाल्यावर वसतिगृहाचा प्रस्ताव करून काय उपयोग? सर्वेक्षण दिवाळीच्या आधी व्हायला पाहिजे. आपल्या वस्तीतून कोण कोण जाणार हे आपल्याला मुकादमाच्या आधी माहीत असतं. ती यादी आपण गुरुजींच्या हातात द्यायला काय हरकत आहे?

आणखी एक गोष्ट खास आपल्या बौद्ध समाजासाठी. शाळेत नाव घालताना गुरुजी जात विचारतात. आपण छाती पुढे काढून सांगतो, "बौद्ध." अभिमान योग्यच आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला तो त्यासाठीच. पण सवलतीचा कायदा काय आहे हेही माहीत पाहिजे. महाराष्ट्र सरकार आधीपासून नवबौद्धांना सवलती देत होतं, केंद्राच्या सवलती मात्र बौद्धांना मिळत नव्हत्या. 1990 साली विश्वनाथ प्रताप सिंह पंतप्रधान असताना कायदा दुरुस्त झाला आणि बौद्धांनाही अनुसूचित जातीचे हक्क मिळाले. तेव्हा दाखला काढताना 'अनुसूचित जातीतून बौद्ध धर्म स्वीकारलेले' अशा नमुन्यातला काढावा लागतो, आणि 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा पुरावा लागतो. आपल्या भागात हे जुने कागद निजामकाळातले, उर्दूतले असतात. पोरगं दहावीला गेल्यावर धावपळ करण्यापेक्षा पहिलीत असतानाच आजोबांचा कागद शोधा आणि उर्दू जाणणाऱ्याकडून वाचून घ्या. मुलींसाठी पाचवीपासून सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती आहे, तीही कागदावाचून अडते.

तसंच आधारचं. शाळेच्या नोंदीतलं नाव आणि आधारवरचं नाव जुळलं नाही तर लेकरू वर्गात बसलेलं असूनही सरकारच्या मोजणीत धरलं जात नाही. मोजणीत नाही म्हणजे पटात नाही, पटात नाही म्हणजे शिक्षक कमी. गिरणीत हजेरीपुस्तकात नाव नसलं तर दिवसभर राबूनही पगार निघत नाही, तसाच हा प्रकार आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. हे सगळं बघायचं कोणी? शिक्षण हक्क कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याचं कलम 21 सांगतं की शाळेत व्यवस्थापन समिती असली पाहिजे. तिच्यात चारातले तीन सभासद पालक पाहिजेत. निम्म्या बाया पाहिजेत. आणि वंचित घटकातल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. अध्यक्ष पालकच असतो, मुख्याध्यापक हे सचिव. समितीचं काम काय? शाळेवर देखरेख, शाळेचा विकास आराखडा करणं आणि आलेल्या अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणं. हे मी मनाचं सांगत नाही, कायद्यात लिहिलेलं आहे. अध्यक्ष आणि मुख्याध्यापक दोघांच्या सहीशिवाय पैसा निघत नाही. म्हणजे बाबासाहेबांनी 1942 ला जो पैसा मागितला त्याच्या चावीचा एक भाग आज तुमच्या-माझ्या हातात आहे!

आणि आपण काय करतो? बैठकीची सूचना आली की, "आज रोजंदारी बुडेल" म्हणून जात नाही. मग वही घरी येते आणि आपण उंबऱ्यातच सही ठोकतो किंवा अंगठा देतो. एका गावात मी समितीतल्या एका बाईला विचारलं, "ताई, तुम्ही समितीत आहात ना?" त्या म्हणाल्या, "मला काय ठावं भाऊ, मालकांनी नाव दिलं, मालकच जातात." कायद्याने बाईला खुर्ची दिली आणि घरातल्या माणसाने ती काढून घेतली. सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालताना याचा विचार केला पाहिजे.

हा प्रश्न आपल्याच देशात आहे असंही नाही. ज्या अमेरिकेत बाबासाहेब 1913 ला शिकायला गेले, तिथं 1965 साली राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी एक कायदा केला. ज्या शाळेत गरिबांची मुलं जास्त त्या शाळेला केंद्राच्या तिजोरीतून जादा पैसा द्यायचा. जॉन्सन स्वतः तरुणपणी गरीब मेक्सिकन वस्तीच्या शाळेत मास्तर होते. त्यांनी त्या कायद्यावर सही केली ती तारीख 11 एप्रिल, आपल्या जोतिबांची जयंती! पण पुढे काय झालं? चार वर्षांनी, 1969 ला, काळ्या लोकांच्या हक्कासाठी लढणाऱ्या वकिलांच्या संस्थेने इतरांच्या सोबतीने या पैशाचा हिशेब तपासला. गरीब लेकरांच्या नावावर आलेला पैसा भलतीकडेच, अगदी पोहण्याच्या तलावापर्यंत गेलेला निघाला. मग नियम कडक झाले. हा पैसा राज्याच्या नेहमीच्या खर्चाऐवजी वापरायचा नाही, त्याच्यावर जादा म्हणून वापरायचा, आणि खर्चाच्या विचारात पालकांना घ्यायचं. तात्पर्य हे की, दिल्ली असो की वॉशिंग्टन, पैसा वरून सुटतो तेव्हा त्याच्यावर गरिबाचं नाव असतं. खाली पोचेपर्यंत ते नाव पुसलं जाऊ नये असं वाटत असेल तर खाली कोणीतरी डोळे उघडे ठेवून उभं राहावं लागतं.

आणि हे आजच का सांगतो? 2023 साली सरकारने 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करायचा विचार पुढे आणला. राज्यात अशा साडेचौदा हजारांहून जास्त शाळा निघाल्या. यात तांडे, वाड्या, वस्त्या यांच्या शाळा आल्या. कायदा म्हणतो एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा पाहिजे. शाळा लांब गेली तर पोरगं एकवेळ जाईल, पोरगी घरी बसेल. आपण चार पैसे हातात आले की लेकराला टाय-बुटाच्या शाळेत घालतो. घाला, तुमचा हक्क आहे. पण मागे राहिलेली शाळा कोणाची? ती आपल्यातल्याच सगळ्यात गरिबाची. पट घटला की अनुदान घटतं, अनुदान घटलं की शाळा उजाड दिसते, उजाड दिसली की आणखी पट घटतो. हा रहाट थांबवायचा तर समाजातल्या शिकलेल्यांनी त्या शाळेकडे पाठ फिरवून चालणार नाही.

बंधूंनो, 10 डिसेंबर 2024 ला आपल्या परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतर काय काय घडलं ते तुम्हाला सांगायची गरज नाही. कायद्याचं शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी हा तरुण 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. ती जखम अजून ओली आहे. प्रतिकृतीच्या काचेसाठी आपण रस्त्यावर उतरलो, उतरायलाच पाहिजे होतं. पण त्या संविधानाच्या आत 21-क हा अनुच्छेद आहे, 2002 साली घातलेला. 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक लेकराला मोफत आणि सक्तीचं शिक्षण. शाळेच्या दाराला कडी नसणं, खिचडीत डाळ नसणं, लेकराचं नाव मोजणीत नसणं, हीही संविधानाची विटंबनाच आहे. फरक एवढाच की ती रोज होते आणि तिच्यासाठी मोर्चा निघत नाही.

म्हणून विहाराच्या या वर्धापनदिनी माझी समितीला विनंती आहे. वर्षातून एकदा, जून महिन्यात, विहारात पालकांची बैठक घ्यावी आणि शाळेला गेल्या वर्षी काय आलं, काय खर्च झालं ते फळ्यावर लिहून वाचून दाखवावं. शाळा समितीत आपल्या वस्तीच्या प्रमाणात पालक आहेत का ते बघावं आणि त्यातल्या बायांनी स्वतः बैठकीला जावं. दिवाळीआधी ऊसतोडीला जाणाऱ्या लेकरांची यादी गुरुजींना द्यावी. जानेवारीत एकदा विचारावं की किती खर्च बाकी आहे, म्हणजे मार्चअखेर पैसा परत जाणार नाही. आणि रविवारच्या वंदनेनंतर आपल्या शिकलेल्या पोरा-पोरींनी एक तास लहानांचा अभ्यास घ्यावा. त्याला कोणाच्या अनुदानाची गरज नाही.

एक खबरदारी सांगतो. शाळेत भांडायला जाऊ नका, विचारायला जा. पुष्कळ गुरुजी खिशातून खडू आणतात, त्यांना आपल्या पाठिंब्याची गरज आहे. जो प्रामाणिक आहे त्याला हिशेब विचारलेला आवडतो. तथागतांनी कालामांना हेच सांगितलं की, कोणी सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. शाळेची कॅशबुक पारखून घेणं हेही त्या उपदेशात बसतं, असं माझं मत आहे.

 येत्या बैठकीची तारीख शाळेत विचारून घ्या आणि त्या दिवशी जा, एवढंच मागणं करून माझे दोन शब्द संपवतो.

भवतु सब्ब मंगलं. नमो बुद्धाय! जयभीम!